जावईबापूंचे केस

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण माझ्या हाती कात्री म्हणून दिली नाही. "तू फक्त काजं कर." विषय संपला. बेतायचं ह्यांनी, कापायचं ह्यांनी, आणि सुतभर इकडचं तिकडे झालं की घर डोक्यावर घ्यायचं तेही ह्यांनीच. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी अचानक दुकान बंद केलं. का, तर म्हणे कंटाळा आला.

मग लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि तिचा लांब केसांचा ससा आमच्या गळ्यात पडला. मी त्याला जावईबापू म्हणते. काम काडीचं नाही आणि मान केवढा! कापायच्या टेबलावर बसवून हे त्याला रोज विंचरायचे. विंचरायचे कसले, वरवर कुरवाळायचे. खाली पोटाशी, मांड्यांशी नुसत्या जटा! डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, केस आखूड ठेवा. ससा अंग चाटतो, केस पोटात जातात, आणि मांजरासारखं त्याला ओकता येत नाही. "अहो, कापा ते केस," सांगून सांगून माझा घसा बसला. उत्तर एकच, "लेकीला लांब आवडतात." पालथ्या घड्यावर पाणी! वैतागून एकदा मीच त्याला आंघोळ घालायला निघाले, तर बादलीच हिसकावून घेतली. "भीतीनं मरेल तो!" एवढं बरं ठाऊक होतं.

व्हायचं तेच झालं. सोमवारी लेंड्या केसांत ओवल्यासारख्या पडल्या. मंगळवारी सकाळी गवताला तोंड लावेना, कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून दात करकर वाजवत बसला. हे पार हबकले. टोपलीत घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. "आतडं मंदावलंय. इंजेक्शन देते, दर तीन तासांनी सिरिंजनं पातळ खाणं भरवा. आणि केस आजच उतरवा, नाहीतर पुन्हा हेच होईल, आणि तेव्हा हा वाचायचा नाही. यंत्राच्या आवाजानं आत्ता दगावेल. कात्रीनंच करा, पण जपून, कातडी कागदासारखी असते." मग हसून म्हणाल्या, "तुम्ही तर टेलर! तुमच्यासारखा हात कुणाचा?" ह्यांनी हात खिशात घातले.

घरी येऊन मी ससा धरला. ह्यांनी कात्री उचलली, जट पकडली आणि तसेच उभे.

"अहो, मुहूर्त बघताय का?"

तेव्हा मला कात्रीचं टोक दिसलं. थरथरत होतं. ह्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं, तरी थांबेना. शेवटी कात्री टेबलावर ठेवली. "तू काप."

मी जट वर ओढली तशी हे किंचाळले, "ओढू नकोस! कापड आहे का ते? कातडी वर येते. मध्ये फणी घाल, फणीच्या वरून काप." दोन तास माझ्या कानाशी हेच. पण कुठे खरचटलंही नाही. जावईबापू मात्र कुणीतरी कुरतडल्यासारखे दिसायला लागले. संध्याकाळी त्यांनी गवताची एक काडी ओढली, दुसऱ्या दिवशी लेंड्या मोकळ्या पडल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "अगं आई, हे काय! कुणी कापलं?"

"तुझ्या बाबांनी," मी म्हटलं. ह्यांची अब्रू झाकायची माझी जुनी सवय.

"बाबांनी? इतकं वाकडंतिकडं?"

ह्यांनी फोन माझ्या हातून घेतला. "आईनं कापलंय. माझा हात थरथरतो गं. दुकान त्यामुळेच बंद केलं."

लेक रडायला लागली. मला रडू नाही आलं, संताप आला. दोन वर्षं! दोन वर्षं मी या माणसाला हट्टी म्हटलं, आळशी म्हटलं, नाही नाही ते बोलले, आणि हा बाबा खिशात हात घालून सगळं मुकाट ऐकत होता.

"मला सांगायला काय धाड भरली होती?" मी ओरडले.

"सांगितलं असतं," हे म्हणाले, "तर तू माझ्यावर ओरडायचं सोडलं असतंस."