केळीच्या गाडीवर गेला, असं मी लिहून दिलं

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, शोधायला हवालदार जम्मूपर्यंत जाऊन आले. दादा तिकडे गेलाच नव्हता. तो कुठे गेला ते मला माहीत नव्हतं, आजही नाही. पण तो केळीच्या गाडीवर बसून उत्तरेत गेला ही गोष्ट आम्ही घरात बसून ठरवली होती, आणि पोलीस ठाण्यात ती मी माझ्या तोंडानं सांगितली होती.

माझी शाळा आठवीत सुटली. सहा वर्षं झाली, गुजरातेत मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात आहे. सुट्टीच्या दिवशी खोलीवर बसून हे लिहितोय.

दादा आमच्यात हुशार. गाव आमचं यावलच्या बाजूचं, घरची थोडी केळी, थोडी कपाशी. त्याला धुळ्याला, देवपुरात कॉलेजला ठेवला. दोघांचं शिक्षण एकदम झेपेना म्हणून मी शाळा सोडली. त्याचा राग मला कधी आला नाही. सुट्टीत आला की तो मला शेजारी बसवून पेपर वाचायला लावायचा, अडलो की टपली मारायचा. आज मी चार ओळी लिहितो त्या त्याच्यामुळे.

शेवटच्या वर्षाला त्याला आवाज ऐकू यायला लागले. आम्हाला ऐकू न येणारे. धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी तो शांत व्हायचा. शांत झाला की म्हणायचा, आता कशाला गोळ्या? मग पुन्हा तेच. शेवटी खोली सोडून त्याला घरी आणला.

बहिणीला स्थळ आलं त्याच आठवड्यात तो गेला. आई सांगते, सकाळी अंगणात दात घासत होता, दुपारी जेवायला नव्हता.

आमच्याकडे एखादा माणूस दिसेनासा झाला की "गाडीवर गेला असंल" म्हणतात आणि पुढं कोणी विचारत नाही. केळी भरलेली गाडी, म्हणजे ट्रक, दिल्लीला जाते, पंजाबात जाते, पार जम्मूला जाते. सोबत गावातलं कोणी ना कोणी असतं, पंधरा दिवसांनी परत येतं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पाहुण्यांना तेच सांगितलं. महिना उलटला तरी तेच. मी मोरबीहून आलो आणि म्हटलं, "आबा, पोलिसात जाऊ."

"जाय. पन डोक्याचं काही बोलू नको. गाडीवर गेला म्हन. पोरीचं एकदा होऊ दे."

ठाण्यात माझ्याबरोबर गावचे पोलीस पाटील होते. नवऱ्या मुलाकडचे ते नातलग. तक्रार लिहून घेणाऱ्या अंमलदारांनी विचारलं, "डोक्यावर परिणाम वगैरे? काही उपचार चालू होते?" पाटील माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही साहेब. ठणठणीत आहे. केळीच्या गाडीवर गेला." मनात म्हटलं, पोलीसच ते, सगळीकडे बघतीलच.

मी बोट दाखवलं तिकडेच त्यांनी बघितलं. ट्रकवाल्यांना विचारलं, हवालदार फोटो घेऊन दिल्लीच्या आणि जम्मूच्या मंडीत हिंडले, आणि मग कागद थंड पडला. आई रोज फोनवर रडायची. आमच्या कारखान्यातला एक क्लार्क म्हणाला, हायकोर्टात जा, गरिबाला तिथं वकील फुकट मिळतो. खरंच मिळाला. त्या वकीलबाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. आणि त्यांच्यासमोर बसूनही मी तेच सांगितलं, ठणठणीत, केळीची गाडी. एकदा सही केलेलं फिरवलं तर आपल्यालाच आत टाकतील, ही भीती.

खंडपीठात दोन न्यायमूर्ती होते. मी शेवटच्या बाकावर. बोलणं बहुतेक इंग्रजीत, मला दिल्ली आणि जम्मू एवढंच कळत होतं. पुढं हवालदार हात बांधून उभे, टोपी काखेत. वकीलबाईंची असिस्टंट माझ्या कानात सांगत होती, "साहेब विचारतायत, आठ महिन्यांत एक फोटो आणि दोन मंड्या, एवढाच तपास? तो कॉलेजला कुठं होता, राहायचा कुठं, दवाखान्यांत विचारलं का?"

सरकारी वकील म्हणाले, घरच्यांनीच तसं लिहून दिलंय.

त्यावर एक न्यायमूर्ती हवालदारांकडे बघून मराठीत बोलले. "घरचे सांगतील तिथं तुमचा तपास संपतो का? तुमचा स्वतःचा मुलगा हरवला असता तर एवढंच केलं असतंत?"

"नाही साहेब," हवालदार म्हणाले.

त्यांची मान मागून लाल झालेली मला दिसत होती. साहेब, मला उभं करा, असं म्हणावंसं वाटलं. पाय उचलला नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांना टाळणार होतो. त्यांनीच हाक मारली, चहा सांगितला.

"तुह्या भावापायी घरात भांडण लागलं पाह्य," ते म्हणाले. "जम्मूले गेला आन् देवीचं दर्शन न घेता आला म्हनून बायको अजून धड बोलत नाही. आता मी मंडीत फोटो दाखवू का डोंगर चढू?" आणि हसले. मग हळू आवाजात, "आता वरून माझं स्पष्टीकरण मागतीन. मागू दे. पोरगा सापडला पाह्यजे."

शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प राहिलो असतो. त्या हसण्यानं मला राहवेना. दादाचे आवाज, धुळ्याचे डॉक्टर, गोळ्या, पाटील, स्थळ, सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"हे कव्हा ठरवलं?"

"ठाण्यात आलो त्याच दिवशी, घरात."

"म्हंजे मी तिकडं थंडीनं कुडकुडत फोटो दाखवत व्हतो, तव्हा तुले माहीत व्हतं."

"हो साहेब."

ते उठले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. माझी पिशवी उचलून माझ्या हातात देत ते म्हणाले, "चाल. बाईंच्या कानावर घालू. मी शे ना संगे."

वकीलबाई खूप चिडल्या. शपथेवर खोटं म्हणजे काय ते त्यांनी मला समजावलं, मग नवा कागद घेऊन लिहायला बसल्या. पुढच्या तारखेला त्याच न्यायमूर्तींनी मला पुढं बोलावलं.

"शिक्षण?"

"आठवी."

"खोटं का सांगितलं?"

"बहिणीच्या लग्नासाठी."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "आता काही लपवलेलं राहिलंय?"

"नाही साहेब."

मला कोणी आत टाकलं नाही. तपास नव्यानं सुरू करायचा हुकूम झाला.

लग्न अजून लागलं नव्हतं, म्हणून खरं सांगायला आबा टोपी हातात घेऊन मुलाकडच्यांकडे गेले. नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, "आबा, बसा. तुमच्या पोराचं आम्हाले पहिल्या दिवसापासून माहीत व्हतं. पाटलांनीच सांगलं. आम्ही पोरगी पाह्यली, ती पसंत शे." म्हणजे आमच्या खोट्यानं गावात कोणीच फसलं नव्हतं. फसले ते हवालदार. आणि दादा.

चार दिवसांनी हवालदारांचा फोन आला. "देवपूरले चाललो, येतो का?" दादाची जुनी खोली मीच दाखवली. घरमालकीण मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. फोटो बघून लगेच म्हणाल्या, "हाऊ? हाऊ तं उना व्हता. आठेच, या पायरीवर दोन दिन बठेल व्हता." दादा आला होता. केव्हा, तर तो घरातून गेला त्यानंतर पाचसहा दिवसांनी. "घर जाय म्हनं तं म्हने, माले लेवाले येनार शेतस. मी भाकर दिधी. तिसरे दिन पाह्यं तं नही." सूप बाजूला ठेवून त्या माझ्याकडे वळल्या, आम्ही का आलो नाही ते विचारायला. "मंग तुम्ही काबर उनात नही?"

"बहिणीचं लग्न जमत होतं, मावशी," मी म्हणालो. त्या उठून आत गेल्या, पाणी घेऊन आल्या.

हवालदारांनी तिथंच पायरीवर बसून जबाब लिहिला. पोलिसांच्या मराठीत, सावकाश, मग मोठ्यानं वाचून दाखवला. "सदर इसम दोन दिवस माझे पायरीवर बसून होता. घरचे लोक नेण्यास येतील असे सांगत होता. परंतु त्यास नेण्यास कोणीही आले नाही."

वाचून झालं तरी त्यांचं पेन त्या शेवटच्या ओळीवर होतं.

"कोर्टात वाचतीन बरं हे," ते म्हणाले. "तुले नको असंल तं एवढी ओळ गाळतो. तपासाले तिचं काही अडत नाही."

"राहू द्या साहेब," मी म्हणालो, आणि साक्षीदार म्हणून खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.