अनोळखी माणसाची परीक्षा

माझी मोठी बहीण चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. पुढे गिऱ्हाइकं आरशासमोर माना वेळावत फ्रेम निवडतात आणि मागे ताई मशीनमधल्या पाण्याच्या बारीक धारेखाली काच फिरवत बसते. काच केसभर मोठी राहिली तर फ्रेममध्ये बसत नाही, केसभर लहान झाली तर वाया गेली. त्यामुळे सांगितलंय त्यात इकडचं तिकडं करायचं नाही, हे तिच्या अंगातच मुरलंय. तसं ते लहानपणापासूनचंच. वडील म्हणायचे, हिला रांगेत उभी करून विसरलो तर दुसऱ्या दिवशी तिथेच सापडेल.

तिची एकुलती एक मुलगी म्हणजे आमची ठमी. कमरेवर हात ठेवून घरादाराला हुकूम सोडते म्हणून मीच तिला ठमी म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. आता नऊ वर्षांची आहे. जन्मापासूनच तिच्या गुणसूत्रांमधला एक बारीकसा तुकडा नाही. डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून, मध्येच एवढीशी पुसून दाखवलं होतं. एवढ्याशा पुसण्याने काय काय जातं म्हणता? आकडे जमत नाहीत, बुटाची नाडी जमत नाही. आणि अनोळखी माणसाची भीती तर तिच्यात घातलेलीच नाही. रस्त्यावरच्या कुणाच्याही गळ्यात पडते, नाव विचारते, तुमच्या घरी येऊ का म्हणते. लोक म्हणतात, किती गोड पोर आहे. गोड वाटणारच हो, पोर तुमची नाही ना.

नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाबरोबर ही जिना उतरून त्याच्या सायकलवर जाऊन बसली होती. दवाखान्याच्या रांगेतून एका बाईंचं बोट धरून थेट त्यांच्या घरी पोचली. त्या बाई सज्जन होत्या, परत घेऊन आल्या. पण सगळे सज्जन थोडेच असतात? तेव्हापासून ताईच्या जिवाला घोर लागला. भावोजी मालगाडीवर ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. ताई झोपतानाही पोरीच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून झोपते. मला एकदा म्हणाली, "मी असेपर्यंत ठीक आहे गं. पण मी नसले तर ही ज्याने हाक मारली त्याची." मी चहा टाकायला उठले.

मग कुणीतरी एका केंद्राचा पत्ता दिला. अशा मुलांना लोकांत वागायला शिकवतात तिथे. बोलायचं कसं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं कसं, कुणाला मिठी मारायची आणि कुणाला नाही. शिकवणाऱ्या बाई कडक, पण ठमीवर जीव होता त्यांचा. त्यांनी ठमीसाठी तीनच गोष्टी ठरवल्या. अनोळखी माणूस चल म्हणाला की नाही म्हणायचं, मागे सरायचं, आईला हाक मारायची. आधी चित्रं दाखवून, मग बाहुल्या घेऊन, मग माणसं आणून हाच सराव. बरोबर केलं की सेलवर फिरणारा छोटा पंखा बक्षीस, तो तिला दागिन्यापेक्षा प्यारा. पहिल्यांदा अनोळखी माणूस मीच झाले होते, टोपी घालून, आवाज जाडा काढून. ठमी धावत आली, गळ्यात पडली आणि म्हणाली, मावशी, टोपी छान आहे. बाईंनी कपाळाला हात लावला.

पण जमत गेलं हळूहळू. ताईने घरी घोटून घेतलं, काच घासावी तसं, न चिडता. शेवटी बाई म्हणाल्या, आता खरी परीक्षा बाहेर. खोलीत पाठ झालेलं रस्त्यावर आठवेलच असं नाही. घरसामानाच्या एका मोठ्या दुकानात, लिफ्टजवळच्या बाकावर ठमी बसेल. बाईंच्या ओळखीचा एक माणूस येईल आणि चल म्हणेल. तो कोण, दिसतो कसा, हे बाईंनी मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर ताईच्या चेहऱ्यावरून पोरीला कळलं असतं. आणि काहीही झालं तरी मध्ये पडायचं नाही. ठमीने हाक मारली की बाई स्वतः पुढे होऊन शाबासकी देणार. ताई धावली तर इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात.

ताई आणि मी पडद्यांच्या विभागात लटकत्या पडद्यांमागे लपलो. बाई दाराकडच्या बाजूला होत्या. ठमी बाकावर पाय हलवत बसली होती, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत होती.

आणि माणूस आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात दुकानाची पिशवी, चेहरा अगदी घरच्यासारखा. तिच्यापुढे वाकून काहीतरी बोलला. ठमी हसली, आणि मी डोळे मिटणार इतक्यात तिने मान हलवली. "नाही," म्हणाली. स्पष्ट ऐकू आलं आम्हाला. बाकावरून उतरून मागे सरली. ताईने माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. सरावाच्या खोलीबाहेर पहिल्यांदाच तिची पोर अनोळखी माणसाला नाही म्हणाली होती.

माणूस हसतच पुढे झाला. तिने हाक मारली, "आई!" मग आणखी एकदा, जोरात.

बाई आल्या नाहीत. त्याने तिचा दंड धरला. मी म्हटलं, ताई, हे जास्त होतंय, मी जाते. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिने मला सोडलं नाही. म्हणाली, "थांब, बाईंनी सांगितलंय. तो अजून अवघड करून बघत असेल." लिफ्टचं दार उघडलं, मिटलं. बाकाजवळ आता कुणीच नव्हतं.

मागून कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. बाई होत्या, धापा टाकत. त्यांच्या शेजारी निळ्या सदऱ्यातला एक तरुण घाम पुसत उभा होता.

"माफ करा, याला उशीर झाला, मी बाहेर बघायला गेले होते," बाई म्हणाल्या. "सुरू करायचं?"

पुढचं मला नीट आठवत नाही. ताई नुसती लिफ्टच्या बटणावर बुक्क्या मारत होती. मी जिन्यावरून वर पळाले. उशा, भांडी, दिवे, आणि कुठेच पोर नाही. एका मुलीचा फ्रॉक तसाच दिसला म्हणून तिला धरलं, तर तिची आई माझ्यावर ओरडली. मनात नको नको ते येत होतं. मी मोठ्याने रडत होते आणि लोक बाजूला होत होते, वेड्या बाईला वाट द्यावी तसे. तेवढ्यात बाईंचा फोन आला. खाली या, गाड्या लावतात तिथे.

तळघरात रखवालदाराच्या खोलीत ठमी स्टुलावर बसली होती. एका पायात चप्पल नव्हती, दंडावर बोटं उमटली होती. रखवालदाराने सांगितलं की एक माणूस तिला ओढत गाडीकडे नेत होता. नात आहे, हट्टी आहे, म्हणत होता. पोर एकसारखी आईला हाका मारत होती म्हणून रखवालदाराला शंका आली. त्याने विचारलं, बाळ, हे कोण तुझे? ठमी म्हणाली, माहीत नाही. तेवढ्याने तो माणूस हात सोडून सटकला.

पोलिसांत तक्रार झाली, कॅमेरे तपासले, पण माणूस अजून सापडलेला नाही. बाई आमच्यासमोर ढसाढसा रडल्या. मी त्यांना नको ते बोलले आणि मला त्याचं काही वाटत नाही.

घरी आल्यावर ताईने ठमीला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या पायांची धूळ ओल्या फडक्याने पुसायला लागली. ठमीने बोटं मोजावी तशी एकेक पुढे केली.

"नाही म्हटलं. मागे सरले. हाक मारली." चौथं बोट तिने तसंच धरून ठेवलं. "मग काय करायचं असतं?"

"मग आई येते," ताई म्हणाली.

ठमीने चौथं बोट मिटलं.

"तू नाही आलीस," ती म्हणाली. रागाने नव्हे हो, पाणी गार आहे असं सांगावं तसं.