दादाच्या आवाजाचं रीळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, जिवाभावाच्या मित्राजवळ नाही. शेगावला महाराजांच्या समाधीपुढे कितीदा उभा राहिलो — तिथं तर आवाजही काढावा लागत नाही, मनातल्या मनात बोललं तरी चालतं — तिथंही मी पिकापाण्याचं आणि पोराबाळांचं मागून परत आलो. आता तुमच्यापुढे बसलोय. सरळ मुद्द्यावर येईन असं वाटत नाही. आधी खोलीचं सांगतो, कारण खोलीबद्दल बोलायला मला नेहमीच आवडत आलं आहे.

धामणगाव बढ्याला आमच्या घराची एक लांब खोली कापसाची. वेचणी झाली की ती छतापर्यंत भरायची. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि मी लग्नाकार्यांत लाउडस्पीकर लावायचा धंदा सुरू केला होता. एक अॅम्प्लिफायर, दोन भोंगे, एक माईक, रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणि बॅटरी — धंद्याला एवढं पुरत होतं. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण खामगावला कुणी जुना सेट विकायला काढतोय असं कानावर आलं की माझं जेवणात लक्ष लागायचं नाही. मुंबईहून मलकापूर स्टेशनावर माझ्या नावानं पार्सल यायचं, आणि मी ते बैलगाडीत कडब्याखाली झाकून घरी आणायचो. भोंगे वाढले, अॅम्प्लिफायर वाढले, माईक तर विचारूच नका. मग टेपरेकॉर्डर आला, रिळांचा, ट्रंकेसारखा जड. मग दुसरा, कारण पहिल्याचा आवाज जरा बसका वाटला. मग तिसरा — तो का घेतला, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आवाज घुमवायचं एक मशीनसुद्धा घेतलं. ते वापरलं एकदाच, आमच्या मांजरीच्या म्यांववर.

भिंतींना पोती ठोकली, पोत्यांवर जुन्या गोधड्या. गावाला सांगत सुटलो, इथं रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होणार, अख्ख्या वऱ्हाडातले गाणारे इथं येतील. कुणी आलं नाही. आणि खरं सांगू? कुणी यायला मला नकोच होतं. धुळीच्या पायांनी माझ्या मशीनांमध्ये कोण येऊ देणार? कापूस ओसरीत गेला, ओसरीतून अंगणात ताडपत्रीखाली गेला. आणि दादा — माझा मोठा भाऊ, ज्याच्या घामाचा तो कापूस होता — दारात उभा राहून हसायचा.

"काऊन बे बाळ्या, तोंड एक आन् माईक इतके? कोनाचं ऐकून राह्यला तू?"

हा दादाचा आवाज. इथवर यायलाच मी टाळाटाळ करत होतो.

दादा काही गवई नव्हता. भजनात तो मागं बसून टाळ वाजवायचा. पण ज्वारीवर पाखरं उतरली की शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून तो जी हाळी द्यायचा — हाऽऽ होऽऽ — ती नाल्यापलीकडं जायची. पलीकडचे लोक म्हणायचे, आमचीही पाखरं उडाली, आज राखण फुकटात झाली. संध्याकाळी शेतातून येताना गल्लीच्या तोंडापासूनच तो पोरीला हाक मारायचा, "मंदेऽऽ!" मंदी तेव्हा नुकती चालायला लागली होती. हाक कानावर पडली की हातातलं टाकून उंबऱ्याकडं निघायची, पडायची, पुन्हा निघायची. फार वर्षांनी झालेली पोर ती. दादाचा आणि वहिनीचा सगळा जीव तिच्यात.

त्याच वर्षी दादाचा आवाज बसला. हळदीचं दूध झालं, काढे झाले, काही होईना. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं — गाठ आहे, मुंबईला न्या, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल. बोलणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्या खोलीच्या दारात आली. लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

"भाऊजी, इतकं सामान हाय तुमच्यापाशी. ह्यायचा आवाज भरून ठेवा ना त्याच्यात. पोट्टी मोठी झाल्यावर मनीन, माहा बाप कसा बोले? मंग मी तिले काय सांगू?"

मी भरला. दादा माईकसमोर नवरदेवासारखा लाजला. आधी आमच्या तांब्या नावाच्या बैलाशी बोलला — समोर बैल असल्यासारखा हात पुढे करून. मग पाखरांची हाळी द्यायला गेला आणि खोकल्यानं ती अर्ध्यातच मोडली. शेवटी "मंदेऽऽ" म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. बाहेर मंदी उठून दाराशी आली, तिच्या पायातल्या वाळ्यांचा आवाजसुद्धा टेपमध्ये आला. मी वाजवून दाखवलं तेव्हा वहिनी पदर तोंडात धरून हसली आणि रडली. रिळाच्या पुठ्ठ्याच्या डबीला तिनं लाल दोरा बांधला, ओळखू यावी म्हणून.

एकच रीळ. माझ्याकडं तीन टेपरेकॉर्डर होते. एकावरून दुसऱ्यावर उतरवून घ्यायला कितीसा वेळ लागला असता? कोरी रिळंही होती. ती मी काही चांगलं भरण्यासाठी राखून ठेवली होती. चांगलं म्हणजे काय, हे मला आज कुणी विचारलं तर मी कुठं तोंड लपवू?

मुंबईला ऑपरेशन झालं. भेटीची वेळ संपली की नातेवाइकांना बाहेर काढायचे. मी बाहेर पडून कुठं जायचो? देवळात? — बाजारात. विजेच्या सामानाच्या गल्लीत. तिथं एक स्पीकर दिसला. परातीएवढं तोंड, आणि मागे पाटासारखा सपाट, जाडजूड चुंबक. माझ्या कुठल्याच लग्नात तो लागणार नव्हता. विकणाऱ्यानं चुंबकाला खिळे लावून दाखवले, चटाचट चिकटले. आणि बजावलं, टेपचं रीळ ह्याच्याजवळ ठेवू नका, भरलेला आवाज उडून जाईल. मी शहाण्यासारखी मान हलवली. परतीच्या गाडीत गर्दी होती. माझ्या त्या खोक्याला धक्का लागू नये म्हणून दादानं — गळ्याला पट्टी बांधलेल्या माझ्या भावानं — ते मलकापूरपर्यंत दोन्ही पायांमध्ये धरून ठेवलं.

घरी आलो. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर थोडी जागा होती, तिथं लाल दोऱ्याची डबी. मी डबी उचलली, स्पीकर तिथं पालथा ठेवला. मग डबी कुठं ठेवायची? फळी भरलेली, खुर्चीवर माईक, खिडकीत अॅम्प्लिफायर. दादा रिकामं खोकं हातात घेऊन शेजारीच उभा होता. आणि मी ती डबी वर आलेल्या त्या सपाट चुंबकावर ठेवून दिली.

मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. विकणाऱ्याचं बोलणं आठवलं नाही का? आठवलं. दमलो होतो, म्हटलं उद्या जागा करू, तेवढ्यानं काय होतंय. दुसऱ्या दिवशी धंद्याचं काम निघालं. मग विसरलो. दिवाळी येईपर्यंत डबी तिथंच राहिली.

वहिनीनं ठरवलं होतं, पाडव्याला दादाला ओवाळायचं आणि त्याच वेळी रीळ लावायचं. चार घरी सांगून आली. आदल्या दिवशी मला विचारून तिनं माझी खोली झाडून काढली. पाडव्याला दुपारी, लोक जमायच्या आधी, मी एकट्यानं रीळ लावून पाहिलं.

खरखर. रीळ फिरेल तसा विहिरीतून आल्यासारखा आवाज जरा वर यायचा, आणि ओळखू येईपर्यंत बुडायचा. बैल नाही, हाळी नाही, "मंदे" नाही. दुसऱ्या मशीनवर लावलं. तिसऱ्यावर लावलं — तिसरं मशीन त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं. रीळ बोटांतून निसटत होतं. बाहेर सतरंजी अंथरल्याचा, बायका येऊन बसल्याचा आवाज येत होता. मला तेव्हा दादाचं वाईट वाटलं असं सांगू का? नाही. मला एवढंच वाटलं, आता हे सगळे मला हसतील. इतकी मशीनं, आणि ह्याला एक आवाज सांभाळता आला नाही.

मशीन बाहेर ओसरीत नेलं. पाटावर दादा, पुढं ताट घेऊन वहिनी, नव्या झग्यात मंदी. "लाव ना बे," शेजारचे नामाकाका म्हणाले. मी लावलं. सगळ्यांनी माना पुढं केल्या. खरखर चालू राहिली, आणि एकेक जण माझ्याकडं बघायला लागला. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. माझ्या हातून झालं — एवढंच. मी मशीन बंद केलं आणि विचारलं,

"वहिनी, काल झाडताना ही डबी कुठं होती?"

"त्या पालथ्या भोंग्यावर. मी उचलली, झाडलं, आन् जठी होती तठीच ठेवली."

"नाही. फळीवर होती."

बस. खोटं म्हणजे एवढंच. पण मी तिथं थांबलो नाही. चुंबकानं टेपचं काय होतं, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं, चांगलं सविस्तर. हातवारे करून. विकणाऱ्यानं खिळे लावून दाखवले होते, तेही सांगितलं.

"फळीवर व्हती?" वहिनी म्हणाली. तिनं आठवायचा प्रयत्न केला, मला ते तिच्या कपाळावर दिसत होतं. ती अडाणी, मी जाणता. ती चुकली असणार आणि मी बरोबर असणार, असंच आमच्या घरात धरून चालायचे. "आसंन बाप्पा," ती म्हणाली, "मलेच ध्यान नसंन." ताटात निरांजन तेवत होतं. ते खाली ठेवून तिनं स्वतःच्या दोन्ही हातांकडं पाहिलं.

तेव्हा दादा पाटावरून उठला.

त्यानं माझ्या खोलीकडं बोट केलं. मग माझ्याकडं. मग स्वतःच्या डोळ्यांकडं. सरळ होतं — मी पाहिलंय, तू ठेवलंस. पण मुंबईपासून त्याच्या खुणा लोकांना सांगायचं काम माझं होतं. घरातल्यांना अजून त्या नीट उमगत नव्हत्या. सगळे माझ्याकडं वळले.

"काय मनते तो?" नामाकाकांनी विचारलं.

"दादा म्हणतो, झालं ते झालं. तिला कुणी बोलू नका."

बायकांनी दादाला केवढं चांगलं म्हटलं. कसा देवमाणूस, म्हणाल्या. दादाचा हात हवेत तसाच होता. मग तो त्यानं खाली घेतला, पाटावर बसला, आणि वहिनीनं रडत रडत त्याला ओवाळलं.

पुढे वहिनीला त्याच्या खुणा माझ्यापेक्षा चांगल्या कळू लागल्या. त्यानं सांगितलं असतं तर तिला समजलं असतं. त्यानं सांगितलं नाही. भावाभावांत चूल वेगळी होऊ नये म्हणून, की मला स्वतःहून बोलायला सवड द्यावी म्हणून? मी विचारलं नाही. त्यानं मला पुन्हा कधी खूण केली नाही. मी शेजारी बसलेला असलो आणि त्याला पाणी हवं असलं, तरी तो मंदीकडं बघायचा.

वहिनी त्यानंतर माझ्या खोलीत आली नाही. चहाची कपबशी उंबऱ्यावर ठेवायची आणि बांगड्या वाजवून कळवायची. मी सामान घेणं बंद केलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही केलं. त्याच उन्हाळ्यात आणखी एक टेपरेकॉर्डर घेतला. मंदी मोठी झाली, दादा वारला, आणि मंदी आईला विचारायची, बाबा कसे बोलत होते? वहिनी म्हणायची, "माह्याच हातानं गेला बाई त्यायचा आवाज." मी पलीकडं जेवत असायचो. घास गिळायचो.

मंदीचं लग्न झालं आणि दोनेक वर्षांत वहिनीनं अंथरूण धरलं. एक दिवस सकाळी तिनं मला बोलावून घेतलं. मंदी माहेरी आली होती, आईचे पाय चेपत बसली होती. वहिनीचा आवाज अगदी बारीक झाला होता, मला खाली वाकावं लागलं.

"भाऊजी, तुमी इतक्या मेहनतीनं भरलं व्हतं. माह्या हातून झालं ते पोटात घालजा."

मंदी माझ्याकडं बघत होती. डोळे थेट दादाचे.

"घातलं वहिनी," मी म्हणालो. "कधीचंच घातलं."

तिनं माझा हात ओढून कपाळाला लावला, आणि मी तो लावू दिला.