शंकाबाई

कॉलेजात त्यांना सगळे शंकाबाई म्हणतात. माझी लेक पहिल्या वर्षाला गेली तेव्हा मला वाटलं, संशयी स्वभावाच्या असतील बिचाऱ्या. पण नाव पडलं ते एका चावटपणातून. बाई जीवशास्त्र शिकवतात. तास संपताना "कुणाला काही शंका?" असं विचारायची त्यांची सवय. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, मला आहे."

"लघु की दीर्घ?" शेजारचा पुटपुटला, आणि वर्गात हशा फुटला.

बाई हसल्या नाहीत. "वाटणी चांगली आहे," म्हणाल्या. "जिचं उत्तर एका वाक्यात मिळतं ती लघु. जिच्यापायी अख्खी दुपार मोडते ती दीर्घ. लघु पुस्तकात बघा. दीर्घ असेल ती माझ्याकडे आणा." तेव्हापासून त्या विभागात हे शब्द इतके रुळले, की त्यांना दुसराही अर्थ आहे हे मुलं पार विसरून गेली.

तरुणपणी बाई एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधन करत होत्या. वडील अंथरुणाला खिळले, म्हणून चार दिवसांसाठी आल्या आणि राहिल्याच. "मला तिकडे जाता येईना, म्हणून तिकडच्या माणसांना इकडे बोलवायला लागले," एवढंच त्या सांगतात. त्यांचा कार्यक्रमही तेवढाच साधा. एक पाहुणा शास्त्रज्ञ आणि जीवशास्त्राची पदवीची मुलं, एक दुपार एकत्र. पाहुण्याला द्यायला कॉलेजकडे चहाखेरीज काही नाही, त्यामुळे बाई सतत टेहळणीवर असतात. कोण परिषदेला येतंय, कुणाची मावशी इथे राहते. "सासुरवाडीला आलेला शास्त्रज्ञ सगळ्यात सोपा," असं त्यांचं मत. "दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडायला त्याला निमित्त हवंच असतं."

यंदा प्राचार्य नवे आले. दोन कार्यक्रमांना पुढच्या रांगेत बसले आणि बाईंना बोलावून म्हणाले, "पाहुणे येतात, बोलतात, चहा पिऊन जातात. आपली मुलं दगडासारखी गप्प. हे कशासाठी चालवायचं? आणखी एकदा बघतो. नाहीतर बंद."

मुलं गप्प बसायची ती प्राचार्यांकडे बघूनच, पण हे त्यांना कोण सांगणार?

त्या शेवटच्या खेपेला सभागृह भरलेलं दिसावं म्हणून आम्हा पालकांनाही बोलावलं होतं. माझी लेक घरात बडबडी आणि दाराबाहेर मुकी. सकाळी ती म्हणाली, "आई, आज मी विचारणार आहे." मी तिला म्हटलं, "दुसऱ्या कुणी विचारलं तरी चालेल गं." तिने वही पिशवीत टाकली आणि निघाली.

पाहुणे सासुरवाडीवालेच निघाले. फळांवर बसणाऱ्या बारीक माश्यांच्या झोपेवर त्यांचं काम. मुलांनी त्यांचं नाव आधीच 'माशीवाले' करून टाकलं होतं. बोलले छान. मग बाईंनी विचारलं, "कुणाला काही?" एकही हात वर नाही. प्राचार्यांनी घड्याळात बघितलं. बाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळलेला मला दिसत होता.

तेवढ्यात माझी लेक उभी राहिली. आवाज चिरका. "सर, मला दीर्घशंका आहे."

प्राचार्य मायेने म्हणाले, "अगं, मग जा ना बाळा. विचारायचं काय त्यात? उजव्या हाताला आहे."

सगळं सभागृह हसून कोसळलं. पालक सगळ्यात जोरात. लेक कानापर्यंत लाल झाली. आणि मोठ्यांनी 'जा' म्हटलं की जायचं, हे मीच तिच्या हाडीमांशी रुजवलेलं, म्हणून ती खरंच चालत बाहेर गेली. मी अर्धवट उठले. शेजारी बसलेली एक आई म्हणाली, "पोट बिघडलंय का हो तिचं?"

शंकाबाई माशीवाल्यांच्या कानाशी लागल्या. दोन वाक्यांत त्यांनी सांगितलं असावं, कारण ते पाहुणे आधी हसले, मग माइक टेबलावर ठेवून सरळ दाराबाहेर पडले. त्यांच्यामागून आधी दोन मुलं गेली, मग रांगच्या रांग.

मी पोचले तेव्हा लेक जिन्याच्या पायरीवर बसली होती आणि माशीवाले तिच्या खालच्या पायरीवर.

"आता बोल. काय होती शंका?"

"माशी झोपलीय की नुसती बसलीय, हे कसं ओळखता?"

"धक्का देतो. झोपलेली उशिरा हलते."

"पण हलली म्हणजे जागी झाली ना? मग तुम्ही बघताय ती झोप कुठे राहिली?" तिचा आवाज आता घरचा झाला होता. "आमची आई रोज रात्री दारातून विचारते, झोपलीस का? जागी असले तर मी गप्प राहते. झोपलेली असले तर तिच्या आवाजाने जागी होऊन हो म्हणते. तिला दोन्ही वेळा चुकीचंच कळतं."

माशीवाले इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. मी भिंतीवरची सूचना वाचू लागले. मग ते म्हणाले, "आमचीही पंचाईत हीच आहे," आणि हात न लावता झोप कशी टिपायची, त्यात कुठे कुठे फसलो, ते सांगू लागले. एकजण मध्येच म्हणाला, "पण सर, माशीसुद्धा सोंग घेत असेल तर?" दुसरा म्हणाला, "तुझ्यासारखी, तासाला?" मग कुणी थांबेना. माझी लेक दोनदा त्यांचं वाक्य तोडून बोलली. घरी मी रागावले असते.

चहा आत निवत होता. बोलवायला पाठवलेला शिपाईही येऊन वरच्या पायरीवर टेकला. शेवटी प्राचार्य स्वतः आले. कठड्याशी उभं राहून त्यांनी मुलांचे दोन-तीन प्रश्न ऐकले. मला वाटलं, आता ओरडतील. ते माझ्याकडे वळले.

"मुलगी तुमची?"

"हो सर."

"मीच बाहेर घालवली तिला." त्यांनी मान खाजवली. "बाईंना सांगा, पुढच्या वेळी सभागृह नको. आणि मी येणार नाही. मी असलो की पोरं आखडतात, असं दिसतंय."

पुढच्या वेळी, असं ते म्हणाले. मी गर्दीतून वाट काढत बाईंपर्यंत गेले. त्या पायरीवर पुढे झुकून बसल्या होत्या आणि माशीवाल्यांना काहीतरी विचारत होत्या, अर्धा प्रश्न तोंडाने, अर्धा हातांनी, तरुण मुलीसारख्या. निरोप घाईचा नव्हता. मी त्यांचं बोलणं संपायची वाट बघत तिथेच खाली बसले.