परीक्षेतून कुणाचंही नाव न काढणारे सर

सावर्डेकर सरांना मी प्रथम पाहिलं ते इथे आखातात, जिदहफ्समधल्या आमच्या संध्याकाळच्या तंत्रशिक्षण कॉलेजात. मी एसी दुरुस्तीत हेल्पर, शाळा नववीत सुटलेली. प्रवेशाच्या टेबलाशी उभा होतो. प्राचार्य असूनही सर स्वतः उठून आले.

"गाव कुठलं?"

"संगमेश्वराकडचं."

"मग बस की. उभ्याने शिकवत नाही आम्ही."

सरांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो आणि समितीने केलेली कॉलेजची तपासणी आठवली. शेरा वाईट आला तर संध्याकाळचे वर्ग बंद होणार होते, आणि आमचा निकाल राजधानी मनामातल्या कॉलेजांपेक्षा कमी होता. कार्यालय सांभाळणारे पाटीलसाहेब म्हणाले, "सर, कच्च्यांना यंदा परीक्षेला बसवू नका. निकाल आपोआप वर जाईल." त्या कच्च्यांत पहिला मी.

सर म्हणाले, "मग त्यांनी जायचं कुठे? नववीवाल्याला दुसरं कोण आत घेतंय?" एकही नाव त्यांनी काढलं नाही.

समितीच्या बाईंनी निकालावर बोट ठेवलं, मग मध्येच गळालेल्यांवर. सरांनी शांतपणे सांगितलं, की त्यांतले बरेच जण दोन वर्षांनी मिळणाऱ्या रजेवर गावी गेलेत. परतल्यावर पुन्हा वर्गात येतात. मग त्यांनी परिसराची माहिती पुढे ठेवली. इथे कोण राहतं, शाळा कितवीपर्यंत झाली, शिफ्ट कधी सुटते. "निकाल जरूर बघा. पण ही माणसं कुठून निघाली तेही बघा."

"त्यांतला एक दाखवा," बाई म्हणाल्या.

सरांनी मला बोलावलं. समोर गॅस गळणारा एसी होता. सर काही सुचवतील म्हणून वळून पाहिलं, तर ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले होते. मी नळीच्या एकेका जोडाला साबणाचं पाणी लावत गेलो. शेवटी एका जोडावर बुडबुडा आला; गळती तिथेच होती.

शेरा मिळाला: वर्ग चालू ठेवावेत, निकाल सुधारावा. सरांनी तो दर्शनी दारावर लावला.

"अर्धाच चांगला आहे, सर," पाटीलसाहेब कुरकुरले.

"पण पुरता खरा आहे ना?"

त्या वर्षी लेखी परीक्षेत मी नापास झालो. माझ्यामुळेही निकाल खाली आला. सरांनी एवढंच विचारलं, "पुढच्या परीक्षेला शिफ्ट कुठली आहे तुझी?" यंदा त्यांनी माझं नाव पुन्हा पाठवलं आहे.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मी पेपर देऊन बाहेर येईन तेव्हा ते दाराशी उभे असावेत, आणि या खेपेस त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही असावं.