पुरणासाठी भरलेलं पाणी

महालक्ष्म्यांच्या पुरणासाठी बायकोनं भरून ठेवलेलं पाणी मी चोरलं आणि त्यानं केस धुतले. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. हसू येण्यासारखी गोष्ट आहे, खुशाल हसा. पण त्या पाण्यापायी आमच्या घरातल्या एका बाईवर जो आळ आला तो अजून तिच्यावरच आहे. तो तिथं राहू द्यायची माझी आता तयारी नाही.

बीडमध्ये ज्यांचं घर बोअरवर चालतं त्यांना हे पाणी माहीत आहे. साबण कितीही घासा, फेस येत नाही, अंगाला नुसता चिकटा राहतो. स्टीलचा तांब्या दोन दिवसांत पांढरा पडतो, पांढरा शर्ट मात्र पिवळा. आमच्या गीझरची कॉइल बदलायला काढली तेव्हा तिच्यावर चुन्याचा जाड थर होता. आणि डाळ. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. तास तास उकळली तरी पाणी वर, डाळ खाली, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

माजलगावच्या धरणाचं पाणी नळाला यायचं, पण कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. म्हणून घरोघरी एक पद्धत होती, अजूनही आहे. नळाचं पाणी डाळीला आणि चहाला, बाकी सगळं बोअरवर. आमच्या स्वयंपाकघरात त्यासाठी स्टीलचं एक छोटं पिंप होतं. त्याला आंघोळीचा मग लावायचा नाही, हा नियम आईचा.

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच माझे केस गळायला लागले. ऑफिसातला मित्र म्हणाला, "काय बे, पुढून मैदान मोकळं व्हायलंय. बोअरच्या पाण्यानं न्हातो का?" त्याला मी हसून उत्तर दिलं आणि घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. त्या रविवारी पिंपातलं अर्धी बादली पाणी न्हाणीत नेलं. शाम्पूला असा फेस आला की बस. कुणाला कळू नये म्हणून तेवढंच बोअरचं पाणी पिंपात ओतून ठेवलं. मग ती सवयच लागली. वरण अधूनमधून एकजीव व्हायचं नाही, बायको दोन शिट्ट्या जास्त घ्यायची, भागायचं.

भाद्रपदात गणपतीच्या मागोमाग येणाऱ्या गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. पहिल्या दिवशी त्या बसतात, दुसऱ्या दिवशी जेवतात. लग्नानंतरची ती पहिलीच खेप. पुरण नव्या सुनेनं करायचं, असं आईनं सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलेलं. नळ आला तसं बायकोनं पिंप घासून भरलं आणि तोंडावर धुतलेलं फडकं बांधलं. आता या पाण्याला कुणी हात लावायचा नाही, म्हणाली. हे तिनं मला सांगितलं होतं. मला ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

दुपारी बायका पुढच्या खोलीत महालक्ष्म्यांना साड्या नेसवत होत्या. दुसऱ्या दिवशी पन्नासेक माणूस जेवायला, माझे मित्र येणार. मी फडकं सोडलं, दोन बादल्या काढल्या, पिंप जवळपास रिकामं झालं. पुन्हा बोअरचं भरलं, फडकं बांधलं. कुणी एक घोट तोंडात घेतला असता तर तिथंच कळलं असतं. पण नैवेद्याचं पाणी कुणी उष्टं करत नाही.

नैवेद्याची डाळ कुकरमध्ये लावायची नाही, पितळी पातेल्यातच शिजवायची, हा आमच्या घरचा रिवाज. सकाळी ठेवलेली हरभऱ्याची डाळ उन्हं वर आली तरी गोट्यांसारखी. बायकोनं जाळ वाढवला, पाणी वाढवलं, चमचाभर सोडा टाकला. पुरणयंत्रात घातली तर यंत्राचा दांडा फिरेना.

गेवराईची आत्या चुलीशी येऊन उभी राहिली. "शिजना का?"

"होईल आत्या, जरा जड हाय डाळ."

"डाळ तीच हाय, दरसालची. हात नवा हाय." मग आईकडं वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "वैनी, इचारलं का तिला? दिवस कोणते हायत?"

"मागच्या आठवड्यातच झालंय माझं," बायको म्हणाली. मान खाली घालून नाही, आत्याकडं बघून.

"आमी कुठं काई म्हणलं बाई? देवीला कळतं, आपल्याला न्हाई कळत."

मी दारात होतो. केस छान भुरभुरत होते. पाणी मी बदललंय, एवढं म्हणायचं होतं. आत्या, आई, शेजारच्या बायका, सगळ्यांची तोंडं बघून मी मांडवातल्या खुर्च्या मोजायला निघून गेलो. शेवटी शेजारच्या घरून पुरण आलं आणि नैवेद्य झाला. बायकोनं त्या दिवशी पोळ्याही लाटल्या नाहीत. आईनं लाटू दिल्या नाहीत.

त्यानंतर दर महालक्ष्म्यांना तिच्याकडं भाज्या निवडणं, भांडी, आणि पाहुण्यांचं पाणी. पुरण आई करायची, पुढं ते करायला आत्या यायची. आत्या वारली. घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, जारचं पाणी आलं, डाळ मऊसूत शिजायला लागली. तिचा हात मात्र त्या पातेल्यापासून लांबच ठेवला गेला. केसांचं म्हणाल तर तेही गेले.

यंदा घरात सून आली आहे. परवा आई तिला म्हणाली, "यंदा पुरण तू कर. तुझ्या सासूच्या हाताला ते लागत न्हाई." पोरगी शहाणी, तिनं सरळ विचारलं, "मम्मी, तुम्ही का नाही करत?" बायको म्हणाली, "माझं नसतं ते." आणि कोथिंबीर निवडत राहिली.

त्या दिवशी मी लिहायला बसलो. घरातलं उणंदुणं चव्हाट्यावर मांडलं, असं कुणी म्हणणार असेल तर म्हणू द्या. जुन्या बायका, जुने विचार, सोडून द्या, असं सांगणारेही येतील. सोडणार नाही. आत्यानं आळ घेतला, पण तो खोटा आहे हे तिच्याशिवाय माहीत असलेला एकटा मी होतो. आणि खोटा होता हीच काय ती गोष्ट नाही. समजा त्या दिवशी ती पाळीत असती, तरीही डाळीला त्यातलं काही कळत नाही. डाळीला पाणी कळतं. देवीला बाईचा विटाळ होतो, हे मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, फक्त गप्प राहणं सोयीचं होतं.

इथवर लिहून झालं आणि कागद तिला वाचायला दिले. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. पाया पडावं की काय, असं मला वाटत होतं.

"मला कावून वाचायला दिलं हे?" ती म्हणाली. "मी विटाळात शिवले नव्हते, हे मला ठाऊकच हाय."

"तुला आधी सांगावं म्हणून."

"ज्यांनी ऐकलं त्यांना सांगा. कागदावर नको, आईला वाचता येत न्हाई." कागद माझ्या हातात देऊन ती उठली. दारातून वळून म्हणाली, "आणि पुरण मला करायचंय म्हणून नका सांगू. मला करायचं न्हाई आता. करायचं की न्हाई ते मी ठरवीन."

महालक्ष्म्या यायला थोडे दिवस आहेत. आई ऐंशीच्या पुढं आहे, तिचं मन कशाला दुखवायचं, हा विचार मनात येतो आणि मी तो ढकलून लावतो. इतकी वर्षं एकीचंच मन दुखत राहिलं, ते कुणी मोजलं नाही. स्वयंपाकघरात, आईच्या तोंडावर, सुनेच्या देखत, पाणी मी बदललं होतं आणि हिचा काही दोष नव्हता, एवढं मोठ्यानं बोलायचं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून बोललेलो नाही.