घरी नेलेले रोगी

निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या वर्षांत मी परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. दफ्तर सगळं उर्दूत. इंग्रजी लिहिता येणारे दोघेच, डॉक्टरसाहेब आणि मी. पटकीची साथ ओसरल्यावर साहेबांनी हैदराबादच्या एका वैद्यकीय मासिकासाठी लेख लिहिला आणि भाषा तपासायला माझ्याकडे दिला.

शिरेतून मिठाचं पाणी देण्याचा उपचार त्या साथीत साहेबांनी जीव ओतून केला होता. लेखात त्यांचं वाक्य होतं: उपचार घेतलेल्यांपैकी थोडे दगावले, बाकीचे बरे झाले; यावरून उपचाराचा गुण सिद्ध होतो.

त्या बाकीच्यांत माझा थोरला भाऊ होता.

आमच्याकडे माणूस जायला लागला की त्याला घरी नेतात. परक्या छपराखाली जीव जाऊ नये, घरचं पाणी तोंडात पडावं. भावाचे डोळे खोल गेले तशी आई हटून बसली, "इथं नको ठिवू त्याला. घरी चल." बाटली अजून संपायची होती. साहेब खेड्यावर गेलेले. सुई मीच काढली. बाजेसकट त्याला गाडीत घातलं. वेशीच्या अलीकडेच त्याचा श्वास थांबला. साहेब नंतर आमच्या दारी भेटायलाही आले होते. पण लेखासाठी बेरीज करताना त्यांनी फक्त रजिस्टर पाहिलं, आणि रजिस्टरात भाऊ दगावलेला नव्हता, घरी गेलेला होता.

"साहेब, 'बरे झाले' असं लिहिता येणार नाही," मी म्हणालो. "त्यातल्या कित्येकांना घरच्यांनी दवाखान्यातून नेलं, पुढं त्यांचं काय झालं याची माहिती नाही, असं लिहावं लागेल."

"वा! अन् त्याखाली सही माझी? हैदराबादवाले म्हणतील, हा रोग्यांना वाऱ्यावर सोडतो."

"माझा भाऊ त्यातच आहे, साहेब."

त्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "मग उपचार फुकट गेला म्हणायचं का?"

"तसंही म्हणता येत नाही. ज्यांची आशा सुटली त्यांनाच लोकांनी उचलून नेलं. मागं राहिले ते मुळातच कमी आजारी असतील. गुण आहे की नाही, ते एवढ्यावरून कळत नाही."

साहेबांनी ते वाक्य खोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी नवं वाक्य लिहिलं. त्यात चूक एकही नव्हती, पण माझं मन स्वच्छ नव्हतं. कारण जुनं वाक्य खरं ठरलं असतं तर सुई काढणारा मी भावाचा मारेकरी ठरलो असतो. ते खोडलं गेलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी भांडलो ते खऱ्यासाठी की माझ्या सुटकेसाठी? लेख टपालात पडेपर्यंत दिवसातून कितीदा तरी मी तो कागद काढून बघत होतो. जुनं वाक्य परत घालावं असंही मनात येऊन गेलं. ते घातलं असतं तरी खोटंच ठरलं असतं.

आईला कुणीतरी सांगितलं होतं, की साहेबांनी साथीवर काही लिहिलंय आणि तिच्या पोरानं ते तपासलंय. संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली,

"त्याच्याबद्दल काय लिहिलंय त्यात?"

"नाव नसतं गं कुणाचं."

"नाव ऱ्हाऊ दे. दवाखान्यात ठिवला असता तर वाचला असता का, ते लिहिलंय का?"

"ते सांगता येत नाही, असं लिहिलंय."

तिनं सूप खाली ठेवलं. "इतकी बुकं शिकलास, अन् एवढं सांगता येईना तुला?"

'वाचला नसता,' एवढंच म्हणायचं होतं. तिचं सगळं ओझं उतरलं असतं, थोडं माझंही. मी तोंड उघडलं.

"नाही येत, आई," मी म्हणालो.

ती उठली आणि चुलीकडे गेली. त्या रात्री ती जेवली नाही, आणि मलाही जेव म्हणाली नाही.